उन्हाळ्यात चिखलदरा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मे महिन्यात मुलांना घेऊन दोन दिवस चिखलदऱ्याला जायचं आहे. धबधबे मिळतील का? दर्यापूर तालुक्यातील वाचक

उत्तर: धबधब्यांची आस धरू नका, भीमकुंडाची धार पावसाळ्यातली, मेमध्ये नुसता काळा कातळ दिसतो. गाविलगड मात्र उन्हं चढण्याआधी उरका. आत सावली तुटपुंजी, म्हणून माणशी दोन लिटर पाणी हवंच. १८०३ साली इंग्रजांनी उत्तरेकडचा तट तोफांनी फोडून किल्ला घेतला. ती बाजू मुलांना जरूर दाखवा. दुपारी खोलीवर पडा. चारनंतर शक्कर तलावावर नौकाविहार, मग पंचबोल पॉइंट. परतवाड्याहून घाट चढताना पोरं ओकतात, कारण भरल्या पोटी मागच्या सीटवर मोबाइल पाहतात! पोहे-आलूबोंडे वर पोचल्यावरच द्या. पेट्रोल परतवाड्यालाच भरा.