कान देऊन: ‘तीच माणसं, तीच गाणी’

गेल्या अंकात उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या अभ्यासाबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले: ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडचे एकतीस शो मी पाहिले आहेत. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पाच वर्षं हे सदर लिहिते आहे, पण एका वाक्यावर अकरा पत्रं कधी आली नव्हती. अभ्यासाबद्दल एकही नाही. त्यामुळे या महिन्यात अभ्यासाला सुट्टी.

प्रश्न: बाई, माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. पीथमपूरला नोकरीला लागून वर्ष झालं. या वर्षात एकाच रॉक बँडसाठी दोनदा पुण्याला आणि एकदा दिल्लीला जाऊन आला. तीच माणसं, तीच गाणी. फोनवर फुकट मिळतं ते ऐकायला रात्रभर गाडीत बसायचं, याला वेड नाही तर काय म्हणायचं?
– एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: वेडच म्हणायचं. फक्त ते नवीन नाही. माझ्या आजोबांनी एकच संगीत नाटक सतरा वेळा पाहिलं होतं. गोष्ट पाठ, पदं पाठ, कुठल्या पदाला वन्स मोअर मिळणार तेसुद्धा पाठ. आजी विचारायची, “आज काय ती दुसऱ्याच्या गळ्यात माळ घालणार आहे?” आजोबा टोपी घालत म्हणायचे, “आज ती जागा कशी घेतात ते बघायचंय.” तुमचा मुलगा पुण्याला तेच बघायला जातो. (कृपा करून कुणी याला वारी म्हणू नका. वारीला तिकीट नसतं, आणि वारकरी पहाटे उठतो. ही मंडळी तेव्हा झोपायला जातात.)

माझ्याकडे एक चौकटीची वही आहे. दर शोला एक पान: तारीख, गाव, गाण्यांचा क्रम, तिकिटाचे पैसे आणि शेवटी ‘काय खाल्लं’. इंडियन ओशनच्या ‘मा रेवा’ (रेवा म्हणजे नर्मदा) या गाण्यापुढे मी घड्याळ लावून मिनिटंही लिहिते. भोपाळला नऊ, पुण्याला साडेतेरा. वरची साडेचार मिनिटं कुठून आली? बेस वाजवणाऱ्याने सुरुवातच धरून ठेवली, ड्रमवाला त्याच्याकडे बघून हसला, आणि लोकांची टाळी चुकली म्हणून ती पुन्हा बसवून घ्यावी लागली. फोनवरच्या गाण्यात कुणाची टाळी चुकत नाही.

या गाण्याचं माझं एक निराळं कारण आहे, ते सांगून टाकते. बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा राहुल राम हा कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. करून आलेला माणूस. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो नर्मदा बचाव आंदोलनात होता. नर्मदेच्या खोऱ्यातलं हे गाणं त्याला तिथे मिळालं, आणि २००० साली आलेल्या ‘कंदीसा’ या अल्बममधून ते आपल्यापर्यंत पोचलं. मी कॅसेट घेतली होती. पोळ्या लाटताना पन्नासदा तरी ऐकलं असेल. छान गाणं, एवढंच.

आता आपलं इंदूर घ्या. १९७८ पासून आपण नर्मदेचं पाणी पितो, सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून आणलेलं. ते आलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आमच्याकडे रामबागेत नळ एक दिवसाआड येतो. आधी खोकतो, मग नुसती हवा सोडतो, मग तांबूस धार, मग पाणी. पहाटेच्या त्या खोकल्यावर अख्खं घर उठतं. पहिल्यांदा शोमध्ये ते गाणं ऐकलं तेव्हा भोवतीची पोरं उड्या मारत होती, आणि मला मात्र आमचा नळ ऐकू येत होता. ज्यांची गावं त्या नदीवरच्या धरणापायी पाण्याखाली जायची होती त्यांच्यातून आलेलं गाणं, आणि त्याच नदीचं पाणी बाटलीत भरून आलेली मी. बाटली गेटवरच काढून घेतली होती, ती गोष्ट वेगळी. पण पन्नासदा ऐकून जे डोक्यात आलं नाही, ते त्या मैदानात उभ्याउभ्या आलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. वहीत ‘काय खाल्लं’च्या पुढे रेघ आहे.

तुमची काळजी पैशाची की रात्रीच्या प्रवासाची, हे पत्रावरून कळलं नाही. पैशाची असेल तर त्याला वर्षाचा हिशोब लिहायला सांगा: गाडी, तिकीट, मुक्काम, खाणं. माझ्या वहीत शोच्या तिकिटापेक्षा बाकीचंच नेहमी जास्त निघतं, आणि ते कमी करता येतं. दिल्लीची इंटरसिटी, मुंबईची अवंतिका, दोन्ही रात्रभराच्या. स्लीपरचं आरक्षण आधी केलं तर लॉजचा खर्च वाचतो. आणि एकदा त्याच्याबरोबर जाऊन बघा. नाही आवडलं तर परत येताना त्याला तसं सांगा, पण ऐकून मग सांगा.

प्रश्न: शो चालू असताना मी मोबाइलवर रेकॉर्डिंग करतो तर मागचे लोक ओरडतात. आठवण म्हणून इतकंही करू नये का?
– एक विद्यार्थी, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर: मागच्यांचं बरोबर आहे. एक गाणं घे, फोन छातीच्या वर न्यायचा नाही, मग खिशात. घरी जाऊन ऐकशील तेव्हा त्यात तुझ्या शेजाऱ्याचाच आवाज जास्त असेल.

रेकॉर्डिंगला माझा विरोध नाही बरं का. अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा बँड होता, १९६५ ते १९९५. त्यांचे चाहते गावोगावी मागे फिरायचे, कारण आज कुठली गाणी येतील हे कुणालाच ठाऊक नसे. टेप करणारे इतके वाढले की १९८४ पासून बँडने त्यांच्यासाठी साउंडवाल्याच्या मागे वेगळी जागाच काढून दिली. मायक्रोफोनच्या काठ्या उभ्या करून ही मंडळी चिडीचूप बसत. या चिडीचूपमध्येच सगळं आलं. इंडियन ओशनचा ‘डेझर्ट रेन’ हा अल्बमसुद्धा स्टुडिओतला नाही. १९९७ साली दिल्लीत रंगकर्मी सफदर हाश्मींच्या स्मृतीसाठी झालेल्या कार्यक्रमातलं ते थेट ध्वनिमुद्रण आहे. हेडफोन लावून एकदा ऐक.

प्रश्न: तुमच्याच बँडबद्दल विचारतो. कॉलेजात असताना मी त्यांना असीम चक्रवर्तींसह ऐकलं होतं. ते गेले, नंतर गिटारवाले सुस्मित सेनही बाहेर पडले. आता इंदूरला शो आहे असं कळलं की जावंसं वाटतं, आणि भीतीही वाटते. नाव तेच, पण बँड तोच आहे का?
– वय ४८, देवास

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

२५ डिसेंबर २००९ ला असीम गेले. त्यांना ऐकलेलं असलं की काय गेलं ते सांगावं लागत नाही, पण ज्यांनी नाही ऐकलं त्यांच्यासाठी सांगते. हा माणूस मांडी घालून बसायचा, तबला वाजवायचा आणि त्याच वेळी गायचा. डग्ग्याचा घुमारा कुठे संपला आणि गळ्यातला कुठे सुरू झाला, हे पुढे उभं राहूनही कळायचं नाही. पुढली दोन वर्षं मी एकाही शोला गेले नाही. आमचे हे, ज्यांनी माझ्या बँडला आयुष्यभर ‘तुझे समुद्रवाले’ म्हणून हिणवलं, तेच एके दिवशी म्हणाले, “जाऊन तर ये. नाहीतर तुझी ती वही मला रद्दीत द्यायला सांगशील.”

गेले. एका माणसाच्या जागी दोन माणसं बसली होती, तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गायला हिमांशु जोशी. पहिला अर्धा तास मी नुसती वजाबाकी करत होते. हे नाही, ते नाही, इथे असीम श्वास घ्यायचे, इथे मान टाकायचे. त्या दिवशीचं वहीचं पान काढून पाहिलं तर गाण्यांचा क्रम अर्धवट आहे. पहिली चार गाणी कोणती झाली ते मला अजूनही सांगता येत नाही. पाचव्यापासून अक्षर नीट आहे. २०१३ मध्ये सुस्मित सेन बँडमधून बाहेर पडले आणि गिटारला निखिल राव आले, तेव्हा मी खंड पाडला नाही. तोवर सवय झाली होती असं म्हणा हवं तर. गिटारमधून ते सतारीसारखं काही आता निघत नाही, हे मात्र खरं. त्याची चुटपुट मला आजही लागते आणि ती लपवायचं कारण नाही.

आणि तुम्ही देवासचे! तुमच्या गावच्या टेकडीखाली कुमार गंधर्वांनी कबीर गायला. तुमच्या माळव्यात खेड्याखेड्यात तंबुरा आणि करताल घेऊन तोच कबीर निराळ्या चालीत गातात. याच बँडने २००३ च्या ‘झीनी’ या अल्बममध्ये कबीराचं पद ड्रम आणि बेसवर घेतलं. यातला खरा कबीर कुठला, असं देवासात कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. जा तुम्ही. पहिला अर्धा तास वजाबाकीचा जाईल, तेवढा धरूनच चाला. आणि आवडलं नाही तर मध्येच उठून या, त्यात अपमान कुणाचाच नाही.

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी ग्वाल्हेरहून भोपाळला पहिल्यांदाच असा शो बघायला जाणार आहोत. कुठे उभं राहायचं, कानांना त्रास होतो का, किती वाजता संपतं?
– बी.एस्सी. द्वितीय वर्ष, ग्वाल्हेर

उत्तर: सगळ्यांना स्टेजला चिकटायचं असतं. तिथे दिसतं छान, ऐकू येतं वाईट. स्पीकर दोन्ही बाजूंनी तुमच्या डोक्यावरून मागे आवाज फेकत असतात आणि तुम्हाला मिळतो नुसता ड्रमचा धक्का. मैदानाच्या मध्यभागी, जरा मागे, एक तंबू दिसेल. त्यात शेकडो बटणांचं टेबल आणि काळा टी-शर्ट घातलेला माणूस. तो जे ऐकतो त्यावरून सगळं जुळवतो. त्याच्या पुढे चार पावलांवर उभ्या राहा. मैदानातली सगळ्यात चांगली जागा ती, आणि दोन मुलींसाठी सगळ्यात निर्धोकही, कारण तिथे उजेड असतो आणि मागे कठडा असतो. चुकामूक झाली तर भेटायचं ठिकाणही तेच.

कानांचं गणित असं. ८५ डेसिबलला आठ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. तुम्ही बी.एस्सी.च्या आहात, १०० पर्यंत स्वतः करा. उत्तर पंधरा मिनिटं यायला हवं. रॉकच्या शोमध्ये १०० सहज होतात. म्हणून औषधाच्या दुकानातून फोमचे बोळे घ्या, बोटांत वळून बारीक करा, कान वर ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरा. कापसाने काही होत नाही. मला पन्नाशीपर्यंत हे कुणी सांगितलं नाही, म्हणून आता उजव्या कानात रात्री एक बारीक शिट्टी वाजते. सारखी.

उघड्यावरच्या लाउडस्पीकरना रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे. वर्षातले काही मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. म्हणजे बहुतेक शो दहाला आटोपतात. पण दहा हजार माणसं एकदम गेटकडे निघतात, तेव्हा स्टेशनवर पोचायला साडेअकरा धरा आणि गाडी त्याच्या पुढची घ्या. बंद बूट घाला. दुपारी नीट जेवून जा. आतमध्ये जे समोसे मिळतात त्यांची किंमत माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेली आहे.

प्रश्न: साठी उलटलेल्या शिक्षिकेने रॉकच्या गोंगाटात नाचावं हे शोभतं का? आणि एवढे एकतीस शो पाहिलेत, तर त्या लोकांना एकदा तरी भेटलात का?
– एक ज्येष्ठ वाचक, उज्जैन

उत्तर: मी नाचत नाही, गुडघे नाहीत. ताल धरते. राहुल रामचीही साठी उलटली आहे, त्यालाही हे पत्र पाठवा. गोंगाटाचं म्हणाल तर त्यांच्या ‘कंदीसा’ या गाण्याची भाषा अरामाइक आहे, केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेची. पाच हजार पोरं त्यातला एकही शब्द कळत नसताना गप्प उभी राहतात. इतकी शांतता मला माझ्या वर्गात चौतीस वर्षांत मिळाली नाही.

भेटायला एकदाच गेले होते. पाव किलो लसणीची सेव, जिरावन मसाल्याची पुडी आणि कार्ट्यांना म्हणावं तसं दोन-चार बोलायचं मनात ठरवून. स्टेजच्या मागे एका बांबूपर्यंत पोचले. पलीकडे ते लोक घामाघूम होऊन खुर्च्यांवर बसले होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दहावीचे पेपर तपासून झाल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही बसायचो, अगदी तसं. मी मागे फिरले. सेव त्या काळ्या टी-शर्टवाल्या मुलाला दिली. तो वायर गुंडाळत होता. त्याने तिथेच पुडा दातांनी फाडला, एक मूठ तोंडात टाकली आणि म्हणाला, “आंटी, इंदौर की है ना?”