रोज कामावर जाण्यासाठी हलकी, परवडणारी वापरलेली हायब्रिड सायकल कशी निवडावी?

तुम्ही दिलेली माहिती अशी आहे: कोथरूड डेपो ते बाणेर असा रोजचा जाऊन-येऊन सुमारे २० किलोमीटरचा प्रवास, सध्याची सायकल पुढे सस्पेन्शन असलेली, २६ इंची जाड टायरची, १७ किलोची, चांदणी चौकाच्या चढावर लागणारा दम, उंची ५ फूट ६ इंच, आणि वापरलेल्या हलक्या हायब्रिडसाठी (रस्त्यावरची आणि डोंगरी सायकल यांच्या मधला प्रकार) १६ हजार रुपयांची मर्यादा. मी पुण्यातच सहा वर्षांपासून सायकलने कामावर जातो आणि या काळात दोन वापरलेल्या हायब्रिड घेतल्या. पहिली चुकीची ठरली आणि दुसरी आजही रोज चालते, म्हणून दोन्हींच्या आधारे सविस्तर लिहितो.

आधी वजनाचा हिशेब करू, कारण तुमच्या प्रश्नाचा भर त्यावरच आहे. तुमचे वजन ७० किलो आणि लॅपटॉपच्या बॅगेचे ५ किलो धरले, तर आज त्या चढावर एकूण ९२ किलो वर न्यावे लागतात. १२ किलोची सायकल घेतली तर ते ८७ होतील, म्हणजे चढावरची मेहनत साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी होईल. ही बचत खरी आहे, परंतु सायकल बदलल्यावर पहिल्याच दिवशी जो फरक जाणवतो तो एवढ्यानेच येत नाही. स्वस्त स्प्रिंगचा सस्पेन्शन असलेला, पुढचे चाक धरणारा चिमटा (फोर्क) एकटाच दोन किलोंच्या पुढे जातो, आणि चढावर उभे राहून पेडल मारताना पायातला काही जोर तो दाबला जाण्यातच वाया घालवतो. त्यातच मातीसाठी बनवलेल्या जाड नक्षीच्या टायरचे गट्टे डांबरावर सतत वाकत आणि घासत राहतात, त्यामुळे सपाट रस्त्यावरसुद्धा कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखे वाटते. म्हणून सरळ, सस्पेन्शन नसलेला चिमटा, ॲल्युमिनियमची फ्रेम आणि ७०० बाय ३२ ते ७०० बाय ३८ मापाचे (दुसरा आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये) गुळगुळीत टायर या तीन गोष्टी एकत्र मिळाल्या, तर सायकल १२ किलोची आहे की साडेतेरा किलोची, यावर फार अडून राहू नका. एक किलो वाचवण्यासाठी तीन-चार हजार जास्त मोजण्यापेक्षा ते पैसे चांगल्या टायरांवर घालावेत, असे माझे ठाम मत आहे.

या वर्णनात बसणाऱ्या सायकली पुण्याच्या वापरलेल्या बाजारात दिसतात. ट्रेकची एफएक्स मालिका, जायंटची एस्केप आणि मोंट्राच्या हायब्रिड ही नावे शोधायला घ्या. मात्र नावावर जाऊन निर्णय करू नका. नीट राखलेली साधी सायकल, दुर्लक्षित राहिलेल्या महागड्या सायकलीपेक्षा रोजच्या कामाला कितीतरी चांगली.

माझी पहिली चूक मापाची होती. माझी उंची जवळपास तुमच्याइतकीच आहे, आणि मी केवळ किंमत कमी पाहून मोठ्या फ्रेमची सायकल घेतली. सीट खाली करून पाय पुरत होते, म्हणून माप बरोबर आहे असे मला वाटले. पण सीट खाली केल्याने पायांची सोय होते. सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर तेवढेच राहते. पंधरा दिवसांत दोन्ही मनगटे आणि मानेची मागची बाजू दुखू लागली, आणि चार महिन्यांनी तोटा सोसून ती सायकल विकावी लागली. तुम्ही सायकल पाहायला जाल तेव्हा पायात रोजचे बूट घाला, पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवा आणि गुडघा सरळ होईल इतकी सीट लावा. मग हँडल धरून कोपर किंचित वाकलेले राहते का ते पाहा. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहिल्यावर आडव्या नळीच्या वर निदान दोन बोटे जागा उरली पाहिजे. यात सायकल बसत नसेल, तर पुढचे काहीही न तपासता विक्रेत्याचे आभार मानून परत या.

माप जमले की फ्रेम पाहायची, कारण बाकी सगळे बदलता येते, फ्रेम बदलता येत नाही. ओला फडका आणि मोबाइलचा टॉर्च सोबत ठेवा. हँडलखालच्या उभ्या नळीला जिथे खालची तिरपी नळी जोडलेली असते, त्या सांध्याची खालची बाजू पुसून काढा आणि उजेड तिरपा पाडून पाहा. मी दुसरी सायकल शोधत असताना हडपसरमधल्या एका पार्किंगमध्ये लाल रंगाची एक देखणी सायकल पाहिली होती. फडका फिरवल्यावर त्या सांध्याजवळ केसाएवढी काळी रेघ दिसली. पुन्हा पुसले तरी रेघ हलली नाही आणि नख फिरवल्यावर ते किंचित अडकले. ओरखडा रंगावरच राहतो. नख अडकते आणि रेघ वेल्डच्या कडेने जाते, तेव्हा ती भेग असण्याची शक्यता धरावी आणि ती सायकल सोडून द्यावी. त्याच नळीला खालून हात लावून फुगवटा जाणवतो का तेही पाहा. तो असेल तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली असते. पेडलांच्या मधला भाग आणि सीटच्या क्लॅम्पखालची जागाही अशीच तपासा.

सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढून दाखवा, असे विक्रेत्याला आवर्जून सांगा. वर्षानुवर्षे न हलवलेली सीटपोस्ट घामाने आणि पावसाच्या पाण्याने फ्रेममध्ये घट्ट बसते, आणि मग ती काढताना फ्रेमच खराब होऊ शकते. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी खडखड जाणवली तर तिथले बेअरिंग सैल झाले आहे किंवा गेले आहे. क्रँक, म्हणजे पेडल ज्याला जोडलेले असते तो दांडा, हाताने धरून फ्रेमच्या दिशेने आणि बाहेर हलवा. तिथेही खेळ नसावा. चाके फिरवून रिम आणि ब्रेकच्या रबरामधली फट पाहा. थोडा आऊट, म्हणजे चाकाचे डगमगणे, कोणताही मिस्त्री काढून देतो, पण रिमवर जिथे ब्रेक घासतो ती पट्टी बोटाला खोलगट लागत असेल, तर रिम संपत आली आहे असे समजावे.

चेनसाठी एक पोलादी पट्टी खिशात ठेवा. चेनच्या दोन लगतच्या पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असते, त्यामुळे नव्या चेनवर एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवले की बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर, दुसऱ्या पिनचा मध्य येतो. हे माप ३०६ मिलिमीटरच्या पुढे गेले असेल तर चेन बदलण्याचा खर्च धरा. ३०८ च्या आसपास असेल तर मागच्या दात्यांचा संचही बदलावा लागेल, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन ऐन चढावर सटकते. ही एक मोजणी भाव ठरवताना फार उपयोगी पडते, कारण तिथे तुम्ही मत मांडत नसता, आकडा दाखवत असता.

मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, दात्यांचा संच बसवण्याचे दोन प्रकार असतात. त्यांपैकी कॅसेट आहे की फ्रीव्हील, याकडे बहुतेक लोक लक्ष देत नाहीत, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसते आणि त्यामुळे उजव्या बाजूचे बेअरिंग बरेच आत राहते. एक्सलचा लांब तुकडा आधाराशिवाय उरतो आणि वजनदार बॅग घेऊन रोज गतिरोधकांवरून गेले की तो वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असल्याने हा त्रास क्वचित होतो. ओळखायची रीत सोपी आहे: दाते उलट दिशेने फिरवा आणि मध्यभागी पान्यासाठी असलेल्या खाचा पाहा. खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील. तुमच्या मर्यादेत दोन्ही प्रकार मिळतात. दीड-दोन हजारांचा फरक असला तरी कॅसेटची घ्या.

किमतीबाबत एक निरीक्षण सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत सायकलींना अचानक मागणी आली, आणि तेव्हा हौसेने घेतलेल्या अनेक सायकली नंतर इमारतींच्या पार्किंगमध्ये उभ्याच राहिल्या. माझी सध्याची सायकल त्यांपैकीच एक आहे. अशा सायकलीचे गिअर आणि रिम जवळजवळ नव्यासारखे असतात, पण रबर वापराने जसे झिजते तसे नुसते उभे राहूनही वाळते. टायरची बाजू अंगठ्याने दाबून बारीक चिरा उघडतात का ते पाहा. मी १२,५०० रुपयांना सायकल घेतली आणि दोन टायर-ट्यूब, चेन, ब्रेकची रबरे, केबली आणि मिस्त्रीची मजुरी मिळून सुमारे ४,००० रुपये आणखी घातले. म्हणून तुमचे १६ हजार म्हणजे सायकलीसाठी १२ ते साडेबारा हजार आणि उरलेले दुरुस्तीसाठी, असे आधीच वेगळे काढून ठेवा.

सायकलीला आरटीओची नोंदणी नसते, त्यामुळे मालकी सिद्ध करणारी वस्तू म्हणजे खरेदीची मूळ पावती. फ्रेमचा क्रमांक बहुधा दोन पेडलांच्या मधल्या फ्रेमच्या भागाखाली कोरलेला असतो. पावतीवर तो लिहिलेला असेल तर जुळवून पाहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. पावती नाही आणि क्रमांक घासून काढलेला आहे, अशी सायकल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ती कोणाची तरी चोरलेली असू शकते.

पावसाळ्यासाठी मागच्या एक्सलजवळ आणि सीटच्या खाली मडगार्ड व कॅरिअर बसवण्याची भोके आहेत का ते नक्की पाहा. लॅपटॉप पाठीवरून कॅरिअरच्या बॅगेत गेला की पाठीचा घाम आणि खांद्यांवरचा ताण दोन्ही कमी होतात. सायकलीचे वजन किलोभर वाढते, ते वाढू द्या. डिस्क ब्रेक पावसात चांगले चालतात, पण या किमतीत नीट जुळवलेले व्ही-ब्रेक (रिमला रबराने दाबणारे) मिळाले तरी ते पुरेसे आहेत. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखा असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, ही छोटी सोय सकाळी नऊ वाजता फार मोठी वाटते.

शेवटी चालवून पाहणे. विक्रेत्याकडे जाताना ऑफिसची भरलेली बॅग सोबत न्या आणि ती पाठीवर घेऊनच निदान दोन किलोमीटर चालवा. त्यात थोडासा तरी चढ असू द्या, आणि त्या चढावर मागचा प्रत्येक गिअर एकेक करून बदला. उभ्या सायकलीवर सगळे गिअर पडतात. डिरेलर, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्या लहान तुकड्यावर टांगलेला असतो तो वाकलेला असेल, तर जोर लागल्यावर चेन दोन दात्यांमध्ये घुटमळते आणि कटकट असा आवाज येतो. तो तुकडा बहुतेक ॲल्युमिनियम फ्रेमवर बदलता येतो, पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून आवाज आला तर व्यवहार करण्याआधी त्याचा फोटो मिस्त्रीला दाखवून तो मिळेल की नाही, हे विचारून घ्या.