धोमच्या पाण्यात घरच्यांसोबत गळ टाकताना
धोम जलाशयात पोराबाळांसह होडीतून गळ टाकायचा, तर मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते विचारून परवानगी घ्या. लाइफ जॅकेट काठावरच चढवा. पाण्यात गेल्यावर पोरं कुणाचं ऐकतात! नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सात पट हवा आणि तो होडीच्या नाकाला बांधा. बाजूला बांधलात तर वारा सुटल्यावर लाट थेट आत येते.

रोहूसाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड घट्ट मळून बोराएवढा गोळा लावा. सैल गोळा लगेच विरघळतो, मग तुम्ही रिकामा गळ सांभाळत बसता. गळाच्या दोरीवर तरंगणारं बुच नुसतं थरथरलं की ओढू नका; बुडून सरकायला लागलं की मनगटानं हिसका द्या. मासा हातजाळीत एकानंच घ्यायचा. सगळे एकाच बाजूला वाकले, तर होडी कलंडलीच.