टेम्पो घाटात पोचेल तेव्हा पाऊस असेल का?

प्रश्न : आमचे टेम्पो रात्री भाजीपाला घेऊन नाशिकहून वाशी मार्केटला जातात. गाड्या दिसतात त्या नकाशावर पावसाचा अंदाज जोडला. पण स्क्रीनवर कसारा घाट कोरडा असतो आणि ड्रायव्हर सांगतो, धो-धो कोसळतोय. चूक कुठे शोधावी?

उत्तर : आधी घड्याळ तपासा, बहुतेकदा चूक तिथेच निघते. हवामानाचा अंदाज देणाऱ्या मॉडेलचे आकडे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत येतात. साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर रात्री साडेअकराचा पाऊस स्क्रीनवर संध्याकाळी सहालाच पडून जातो. डेटाबेसमध्ये सगळ्या वेळा यूटीसीतच ठेवा. भारतीय वेळ फक्त स्क्रीनवर दाखवताना करा.

खरी मेख तासाच्या आकड्यात आहे. १८:०० समोरचा पाऊस सहसा १७ ते १८ या तासाभरात पडलेला असतो. समजा, टेम्पो रात्री १०:५० ला घाटात पोचणार, म्हणजे यूटीसी १७:२०. प्रोग्राम जवळचा तास म्हणून १७:०० उचलतो आणि आधीच्या तासाचा पाऊस दाखवतो. इथे १८:०० च घ्यायला हवा. थोडक्यात, वेळ नेहमी पुढच्या तासाला न्या. युरोपीय हवामान केंद्राच्या (ईसीएमडब्ल्यूएफ) कच्च्या फाइली वापरत असाल तर त्यातला पाऊस मीटरमध्ये आणि अंदाजाच्या सुरुवातीपासून साठत आलेला असतो. मागच्या वेळेचा आकडा वजा करून १००० ने गुणा, म्हणजे मिमी मिळतात.

मग रस्त्यावर दर १० किमीला एक बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदूला गाडी *तिथे पोचण्याच्या* वेळेचा अंदाज लावा, निघतानाचा नव्हे. बिंदू अठराएक होतील. पण नकाशाच्या ०.२५ अंशांच्या चौकटी करणाऱ्या मॉडेलमध्ये ते सात-आठ चौकटींतच बसतात, म्हणून चौकटीनुसार कॅश करा, म्हणजे एकदा आणलेला अंदाज साठवून पुन्हा वापरा. सर्व्हरकडच्या निम्म्याहून जास्त विनंत्या वाचतात. याच कारणाने इगतपुरी आणि कसारा एकाच, सुमारे २७ किमीच्या चौकटीत येतात. घाटमाथ्यावरची सर तिथे सरासरीत विरून जाते. घाटासाठी बारीक जाळीचं मॉडेलच हवं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली, २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किमीची आहे.

एवढं करूनही आकडे विचित्र आले तर अक्षांश-रेखांशांचा क्रम बघा. जिओजेसन या नकाशाच्या डेटा फॉरमॅटमध्ये रेखांश आधी, लीफलेट या नकाशा दाखवणाऱ्या लायब्ररीत अक्षांश आधी. उलटापालट झाली की नाशिक नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं. एरर येत नाही, कारण तो बिंदूही वैधच असतो! जुलैत नाशिकला ४ अंश दिसले, तर समजून जा.

प्रश्न : ऑरेंज अलर्ट आला की मार्ग आपोआप बदलावा का?

उत्तर : नको. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्याला आणि दिवसाला असतो. ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अतिमुसळधार, पण तो २४ तासांचा पाऊस आहे. त्याला २४ ने भागून 'ताशी ५ मिमी' असा पावसाचा वेग काढू नका. तो सगळा दोन तासांतही पडू शकतो. इशारा नकाशावर वेगळा थर म्हणून दाखवा, निर्णय गाड्या सोडणाऱ्या माणसाला (डिस्पॅचरला) घेऊ द्या. मात्र इशारा रस्त्याला जोडताना फक्त जिल्ह्याच्या नावावर जाऊ नका. नाशिकच्या घाटभागाचा इशारा वेगळा असतो, आणि घाट उतरला की ठाणे जिल्हा लागतो.

समृद्धीने जाणाऱ्या गाड्यांसाठी एक अपवाद लिहून ठेवा. इगतपुरीजवळ रस्ता सुमारे ८ किमी बोगद्यातून जातो. वर डोंगरावर कितीही पाऊस असो, आत रस्ता कोरडा असतो. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर बोगद्याचा टॅग असलेल्या तुकड्यांना पावसाचा हिशोब लावू नका. त्यांच्या दोन्ही तोंडांना मात्र लावा.