नागपुरात आईबाबांसाठी स्मार्ट स्पीकर घ्यावा का? तो घरातलं सगळं बोलणं ऐकतो का?
घ्या. माइक सतत सुरू असतो हे खरं, पण ॲमेझॉनचा एको स्पीकर ‘अलेक्सा’ ही हाक स्वतःच ओळखतो. ती ऐकू आली की दिवा निळा होतो आणि त्यानंतरचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं. टीव्हीवरच्या मिळत्याजुळत्या शब्दानेही तो कधी जागा होतो, म्हणून घरगुती बोलणी करताना माइकचं बटण दाबा. दिवा लाल झाला की माइक बंद. जुनी रेकॉर्डिंग ॲपमधून पुसता येतात.

आपल्याकडे खरी अडचण मे महिन्यात! कूलरच्या घरघरीत त्याला हाक नीट ऐकू येत नाही, तेव्हा कूलरपासून लांब, बाबांच्या खुर्चीजवळ ठेवा. मराठीऐवजी हिंदीत बोलावं लागेल, पण नागपूरकरांना हिंदी कुठे जड आहे? राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. लाइन गेल्यावर नेट नसेल तर तो उत्तर देत नाही.