बाइकला फ्युएल मॉड्यूल स्वतः बसवावे की गॅरेजमध्ये बसवून घ्यावे?

तुमच्याकडे २०२२ ची रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५० आहे, बाहेरचा सायलेन्सर बसवल्यापासून यवतेश्वरचा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की फटाक्यासारखे आवाज येतात, गर्दीत इंजिन पूर्वीपेक्षा जास्त तापल्यासारखे वाटते आणि गॅरेजवाल्याने त्यावर फ्युएल मॉड्यूल (इंजिनाला मिळणारे पेट्रोल कमीजास्त करणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी) सुचवले आहे. ते घरी बसवता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मीही साताऱ्यातच राहतो, याच जातीची गाडी चालवतो आणि हे मॉड्यूल मी एकदा दुसऱ्याकडून बसवून घेतले आहे व एकदा स्वतः बसवले आहे. त्या दोन्ही अनुभवांवरून माझे मत असे झाले आहे की मॉड्यूल जोडण्याचे काम घरी खुशाल करावे, त्याची जुळवणी, म्हणजे पेट्रोल किती वाढवायचे-घटवायचे ते ठरवणे, मात्र यंत्रावर मोजूनच करून घ्यावी. पण या दोन्हींच्या आधी तुमच्या गाडीला त्याची खरोखर गरज आहे का, हे पाहणे आवश्यक आहे.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण सायलेन्सर बदलल्यावर येणाऱ्या आवाजाचे कारण पुष्कळदा इंधनात नसून सायलेन्सर जिथे जोडला जातो त्या सांध्यात असते. उतारावर ॲक्सिलरेटर बंद केला की ईसीयू (इंजिनाला किती इंधन द्यायचे ते ठरवणारा गाडीतला संगणक) इंधन जवळजवळ तोडतो, सिलिंडरमधले पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेले, मिश्रण नीट पेटत नाही आणि थोडे न जळलेले पेट्रोल इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या बेंड पाइपमध्ये जाते. तिथे सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली गेली की ते पेट्रोल पाइपातच पेटते आणि तुम्हाला फटाका ऐकू येतो. सायलेन्सर बदलताना सांधा हवाबंद करणारे जुनेच दबलेले गॅस्केट परत वापरले किंवा क्लॅम्प अर्धवट आवळला, तर ही गळती हमखास होते. गाडी थंड असताना सुरू करून, हातमोजा घालून, सांध्याच्या भोवती तळवा जरा अंतरावर धरा. हवेचे ठोके लागले किंवा सांध्याभोवती काजळीचा काळा ओघळ दिसला, तर आधी नवीन गॅस्केट टाका. ही गळती ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीयूला कळवणाऱ्या भागाच्या) आधी असेल तर बिघाड आणखी वाढतो, कारण बाहेरून शिरलेली हवा पाहून सेन्सर मिश्रण पातळ असल्याचे कळवतो आणि ईसीयू गरज नसताना पेट्रोल वाढवत राहतो. अशा गाडीला मॉड्यूल लावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता मॉड्यूल नेमके काय करते ते पाहू. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. आपल्या पंपांवर आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. (ते इथेनॉल आपल्याच सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांतूनही जाते, हे तुम्हाला ठाऊक असेलच.) संथ आणि एकसारख्या वेगात ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून इंधन क्षणोक्षणी कमीजास्त करतो, त्यामुळे इथेनॉलचा फरकही तो स्वतःच भरून काढतो. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर मात्र तो सेन्सरकडे दुर्लक्ष करून स्मरणात साठवलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन देतो. मॉड्यूल हे ईसीयू आणि पेट्रोलचा फवारा मारणारा इंजेक्टर यांच्या मध्ये बसते आणि इंजेक्टर किती वेळ उघडा राहावा हे काही टक्क्यांनी वाढवते किंवा घटवते. मूळ ईसीयू त्यामुळे बदलत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

केवळ इंजेक्टरला जोडले जाणारे स्वस्त मॉड्यूल घेतले, तर संथ वेगात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य होतो. ते पेट्रोल वाढवते, सेन्सर जास्त झाल्याचे कळवतो आणि ईसीयू वाढवलेले तेवढे परत काढून घेतो. म्हणून चांगल्या मॉड्यूलला इंजेक्टरबरोबर ऑक्सिजन सेन्सरचाही कपलर (वायरी जोडण्याचा प्लास्टिकचा जोड) असतो. अमेरिकेतील डायनोजेट कंपनीचे पॉवर कमांडर किंवा बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचे फ्युएलएक्स ही या प्रकारातली परिचित नावे आहेत. कोणतेही घ्या, पण ते तुमच्याच मॉडेलसाठी आणि तुमच्याच वर्षाच्या गाडीसाठी बनवलेले आहे, याची खात्री करूनच घ्या.

ही खात्री न केल्याचा परिणाम मी भोगला आहे. पहिल्या वेळी एका गॅरेजमध्ये मी काम सोपवले आणि पुढे उभा राहून पाहिले नाही. मॉड्यूल दुसऱ्या मॉडेलचे असल्यामुळे कपलर जुळत नव्हता. तेव्हा कारागिराने इंजेक्टरच्या वायरचे आवरण ब्लेडने सोलले, मॉड्यूलची वायर तिला पीळ देऊन जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. उन्हाळाभर गाडी उत्तम चालली. जुलैमध्ये ठोसेघरहून पावसात परतताना सज्जनगड फाट्याच्या अलीकडे इंजिन मिसिंग करू लागले, चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी बंद पडली. दुसऱ्या दिवशी टाकी उचलून पाहिले तेव्हा टेपचा डिंक वितळून बोटाला चिकटत होता, टेप एका बाजूने उकललेली होती आणि आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून बोटाने चोळताच भुकटी होत होत्या. वायरिंगचा तो भाग बदलून घ्यावा लागला. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: या कामात एकही वायर कापायची नाही आणि सोलायची नाही. जो कारागीर ब्लेड उचलेल, त्याच्याकडून गाडी तिथूनच परत घ्यावी.

स्वतः बसवताना सुटीचा एक दिवस हाताशी ठेवा, म्हणजे घाई होत नाही. इंजिन पूर्ण थंड असू द्या, गाडी उघड्यावर किंवा हवेशीर जागेत उभी करा आणि आसपास विडी-सिगारेट किंवा कोणतीही ज्योत नको. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. टाकी थोडी उचलून हात पोहोचत असेल तर पेट्रोलची नळी काढूच नका. काढावीच लागली, तर इंजेक्शनच्या गाड्यांत त्या नळीत साधारण ३ बार दाब असतो हे ध्यानात ठेवा. बॅटरी काढण्याच्या आधी पंपाचा कपलर सोडवून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवल्यास हा दाब उतरतो. तरीही नळी काढताना तिच्याभोवती फडके धरावे.

इंजेक्टरचा कपलर वायर धरून ओढू नये. त्याच्या बाजूची छोटी खिट्टी अंगठ्याने दाबून, कपलरचे अंग धरून तो सरळ काढावा. जुन्या गाडीत खिट्टीखाली चिखल घट्ट बसलेला असतो. तो मऊ ब्रशने आधी साफ केला नाही तर खिट्टी तुटते, आणि तुटलेल्या खिट्टीचा कपलर खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल होतो. नवीन कपलर बसताना स्पष्ट ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. ऑक्सिजन सेन्सरचा कपलरही असाच जोडावा आणि मॉड्यूलची अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हला घ्यावी, चेसिसच्या रंगवलेल्या बोल्टला नव्हे. वायरी बेंड पाइपपासून दूर न्याव्यात, टाय मारण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे आणि मॉड्यूल सीटखाली पाणी साचत नाही अशा कोपऱ्यात ठेवावे. सगळे जोडून झाल्यावर पहिल्यांदा मॉड्यूल शून्य बदलावर ठेवून गाडी सुरू करा. मूळ गाडीसारखीच ती शांत चालली, दिवा लागला नाही आणि इंजेक्टरपाशी पेट्रोलचा ओलावा दिसला नाही, तर जोडणी बरोबर झाली असे समजावे.

जुळवणीच्या बाबतीत मी इतका आग्रही आहे, याचे कारण असे की कान आणि पिकअप दोन्ही फसवतात. पेट्रोल वाढवले की इंजिन मऊ चालते आणि आवाज बंद होतात, म्हणून माणूस खूश होऊन आणखी वाढवतो. पण जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, खाली उतरून ऑइल पातळ करते, प्लग काळा करते आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब करते. गाडीचा मूळ सेन्सर मिश्रण योग्य प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढेच सांगतो, किती अलीकडे ते सांगत नाही. ते कळायला नेमके प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि डायनो, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवून मोजमाप करणारे यंत्र, लागते. पूर्ण ॲक्सिलरेटरवर पेट्रोलच्या हिशेबाने १२.५ ते १३ च्या दरम्यान प्रमाण आले की थांबायचे, हे तिथेच पडद्यावर दिसते. त्यासाठी मी पुण्यापर्यंतचे ११० किलोमीटर गाडी नेली आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. सुमारे २० बीएचपीच्या या इंजिनात शक्ती फारशी वाढत नाही, हेही तिथेच कळले. फरक पडतो तो चाल गुळगुळीत होण्यात.

घाटाची काळजी मात्र करू नका. सांगलीपेक्षा महाबळेश्वरला हवेचा दाब सुमारे ९ टक्क्यांनी कमी असतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या म्हणूनच वर गेल्यावर घुसमटत. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू स्वतःच ती दुरुस्ती करतो आणि मॉड्यूल त्याच्यावरच टक्केवारी लावते, त्यामुळे उंचीची दुरुस्ती कायम राहते.

कायद्याचेही सांगणे भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे तुमचा नवीन सायलेन्सर आवाजाच्या मर्यादेत आहे का आणि त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला गेला आहे का, हे आजच पाहा. काढला असेल तर मॉड्यूलचा विचार बाजूला ठेवून मूळ पाइप परत बसवा. गाडी वॉरंटीत असेल तर कोणताही कपलर सोडवण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

गॅस्केट बदलून ४००-५०० किलोमीटर चालवा. आवाज तरीही राहिला, तर इंजिन थंड असताना प्लग काढून दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो घ्या आणि इथेच टाका. टोक पांढरेफटक असेल तर मिश्रण पातळ असण्याची शक्यता आहे, आणि मग कोणते मॉड्यूल घ्यावे ते आपण पुढे बोलू.