जालन्यात बी.ए. करतोय; मधेच वर्षभर चर्चच्या मिशनसाठी नेपाळला गेलो तर पदवी बुडेल का?

पदवी बुडत नाही, फक्त चौथ्या सेमिस्टरची परीक्षा देऊनच जालना सोडा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पदवीसाठीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार दुसऱ्या वर्षानंतर, ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स करून, डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. ३ वर्षांच्या आत परत यायचं आणि पदवी ७ वर्षांत संपवायची. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी ‘जा की’ला पुढच्या वर्षी क्लार्क बदलला की काही किंमत नसते. खरी काळजी नेपाळची करा. भारतीयांना तिथं व्हिसा लागत नाही म्हणून सगळं सोपं वाटतं, पण २०१८ पासून लागू असलेल्या तिथल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ प्रमाणे धर्मांतर करवणं किंवा त्यासाठी प्रोत्साहन देणं गुन्हा आहे: ५ वर्षांपर्यंत कैद, ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर काढतात. त्यामुळे निघण्याआधीच पास्टरांना स्पष्ट विचारा, काम शाळा-दवाखान्यातलं आहे की प्रचाराचं. प्रचाराचं असेल तर दुसरा देश मागा.